नवसागराची तूट

मीठ आणि नवसागर आधी एकत्र करायचे आणि मग वेगळे करायचे, एवढंच काम होतं. सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याला चार ओळी आणि एक आकृती दिलेली. आकृतीत एक बशी, बशीवर उपडं घातलेलं काचेचं नरसाळं, नरसाळ्याच्या तोंडात कापसाचा बोळा आणि खाली दिवा. सगळं रेघेत, शांत, स्वच्छ. त्या आकृतीत सासू नव्हती, शेजारीण नव्हती, पोलीस चौकी नव्हती. पुस्तक काढणाऱ्यांनी तेवढं दाखवलं असतं, तर पुढचं पुष्कळ टळलं असतं.

"आगुदर मिसळायचं आन् मंग वेगळं करायचं?" मन्मथप्पांनी चष्मा कपाळावर ढकलत विचारलं. "मंग मिसळायचं कावून?"

मन्मथप्पा हे उमाचे सासरे. नांदूरघाटच्या रस्त्याला एका फाट्यावर उतरून आत गेलं की जे गाव लागतं, त्याच्या पेठेत त्यांचं किराणा दुकान होतं. गावाचं नाव सांगण्यात अर्थ नाही. सगळ्यांना पुन्हा तिथंच राहायचंय.

"आप्पा, प्रयोग हाय त्यो," त्यांची नात शिवकन्या म्हणाली. ती सातवीत होती आणि तिच्या बोलण्यात 'घटक', 'द्रावण' असे शब्द नुकतेच यायला लागले होते.

"आमी डाळीत डाळ मिसळली की भेसळ. शाळंनं मिसळलं की प्रयोग," आप्पा म्हणाले आणि टोपी घालून दुकानाकडे गेले.

पण आप्पांची खरी अडचण मिसळण्याशी नव्हतीच, नवसागराशी होती. नवसागर म्हणजे दिसायला मिठाचा सख्खा भाऊ. पूर्वी कल्हईवाले तापल्या भांड्यावर तो टाकायचे, भसकन पांढरा धूर निघायचा आणि भांडं आरशासारखं व्हायचं. मग घरोघर स्टील आलं, कल्हईवाले गेले, आणि नवसागराला गिऱ्हाईक उरलं ते एकाच धंद्याचं. ओढ्याच्या काठाला काळा गूळ सडवून दारूच्या भट्ट्या लावणाऱ्यांचं. मन्मथप्पा गळ्यात लिंग असलेले, चहासुद्धा बेताने पिणारे गृहस्थ. त्यांनी दुकानात पाटीच लावली होती: 'येथे नवसागर व काळा गूळ मिळत नाही. विचारून स्वतःचा अपमान करून घेऊ नये.' पाटीचा व्हायचा तोच परिणाम झाला. इतक्या ठामपणे नाही म्हणणाऱ्याला कुठे मिळतो हे नक्की ठाऊक असणार, अशा समजुतीनं परगावचे लोक पत्ता विचारायला तिथेच यायचे.

आणि त्याच घरच्या सुनेला आता नवसागर हवा होता.

त्याचं असं झालं. त्या साली देशाचं धोरण खुलं झालेलं होतं. गावात एसटीडी बूथ आला, पाण्याची बाटली विकत घेणारा पहिला माणूस बघायला स्टँडवर गर्दी झाली, आणि केजला शिकवणीचे क्लास निघाले. उमाचा नवरा बसवेश्वर म्हणाला, "शिवकन्येला जीपनं क्लासला धाडू. समदे धाडतेत." उमा अंबाजोगाईच्या कॉलेजात बीएस्सीचं पहिलं वर्ष पास झालेली होती. त्या वर्षाचा सासरी आजवर झालेला उपयोग म्हणजे खोकल्याच्या बाटलीवरचं इंग्रजी वाचून दाखवणं. ती कशी कोण जाणे, पण बोलून गेली, "क्लास कशाला? मी शिकवते. मला फक्त दुपारचा एक तास द्या."

सासूबाई, रुक्मिणीबाई, ज्वारी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. सुनेनं साडी मागितली असती, माहेरी जायचं मागितलं असतं, तर त्यांना समजलं असतं. तास कुणी मागितल्याचं त्या घराला आठवत नव्हतं. तास मागायची वस्तू आहे हेच मुळात माहीत नव्हतं.

"घे," बराच विचार करून त्या म्हणाल्या. "शाळंचं परदर्शन होऊस्तोवर घे. तितं पोरीनं नाक राखलं, तर तास ऱ्हाईल. न्हाई राखलं, तर दुपारी पापडाचं पीठ कुटायचं. आन् पोरगी जाईल जीपनं."

तेव्हापासून दुपारी जेवणं आवरली की मधल्या खोलीत चटई पडायची. उमा लेकीची वेणी घालता घालता शिकवायची, कारण हात रिकामे ठेवून बसणं तिला स्वतःलाच चोरीसारखं वाटायचं. "वाटीतलं तूप बघ. सकाळी थिजलेलं होतं ना? आता पातळ झालं. तूप बदललं का?" शिवकन्या मान हलवायची आणि वेणी सुटायची. "तूप तेच गं. रूप बदललं. पदार्थ कुठं जात नाही, लेकरा. दिसेनासा झाला तरी असतोच कुठंतरी." हे सांगताना उमाला स्वतःलाही बरं वाटायचं. का ते तिनं तपासून पाहिलं नाही. वेणीचा दुसरा पेड घालायचा असायचा.

प्रदर्शनाचे प्रयोग वाटले जीवन सरांनी. हे मूळचे चित्रकलेचे, पण विज्ञानाची जागा रिकामी राहिल्यामुळे तीही त्यांच्याकडे आलेली. त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. बाकीच्यांना पाण्याच्या तीन अवस्था, हवा जागा व्यापते, चुंबकानं टाचण्या निवडणे अशी सुखाची कामं मिळाली. शिवकन्येच्या चिठ्ठीत निघालं, 'संप्लवन'. म्हणजे घन पदार्थानं पातळ न होता एकदम वाफ होणं आणि गार झाल्यावर पुन्हा घन होऊन बसणं. उमानं शाळेत जाऊन हळूच सुचवून पाहिलं की सर, कापूरही असाच उडतो, कापरावर भागवू या.

"कापूर पुस्तकात कंसात आहे बाई," जीवन सर म्हणाले. "परीक्षक कंसाला मार्क देत नाहीत." शाळेच्या कपाटात नवसागराची बरणी होती. आत फक्त एक मेलेलं झुरळ होतं.

आप्पांना विचारण्यात अर्थ नव्हता. उमानं नवऱ्याला गाठलं. बसवेश्वर तसा बायकोच्या शब्दाबाहेर नव्हता, पण शब्दाच्या आत शिरायलाही तो वेळ घ्यायचा. शेवटी ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून तो मुद्दाम लांब, नेकनूरच्या बाजाराला गेला.

तिथल्या दुकानदारानं विचारलं, "किती पोते?"

"पन्नास ग्रॅम."

दुकानदारानं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "कोणत्या खात्यातून आलात, सायेब?"

"खात्यातून न्हाई. लेकीच्या शाळंला पायजे."

"पोरी बी करायल्यात का आता?" दुकानदार म्हणाला आणि शेजारच्याला हाक मारली. शेजारचा आला, त्याच्या शेजारचाही आला. पन्नास ग्रॅम नवसागर मागणारा माणूस एकतर पोलिसांचा असतो, नाहीतर धंद्यात अगदीच नवा, असं त्यांचं एकमत झालं. पोलिसांचा असावा म्हणून त्यांनी अदबीनं चहा पाजला, नवा असावा म्हणून पन्नास ग्रॅमऐवजी पावशेर बांधून दिला आणि वर सांगितलं, "पाव्हणं, गूळ मातर जुना बघून घ्या." बसवेश्वर घरी आला तेव्हा त्याचे कान अजून लाल होते. पुडी बायकोच्या हातात देऊन तो म्हणाला, "ह्याच्यापरीस क्लास बरा होता."

आता पुडी ठेवायची कुठे? स्वयंपाकघरात सासूबाईंचं राज्य, माडीवर आप्पांची पूजा. उमानं अशी जागा शोधली जिथे सणाशिवाय कुणाचा हात जात नाही. भिंतींच्या पोतेऱ्यासाठी विरवून ठेवलेल्या चुन्याचा रांजण. तो वरून वाळलेला होता. तिनं पुडी अलगद चुन्यावर ठेवली आणि झाकण लावलं.

नवसागर आणि विरलेला चुना एकत्र आले की काय होतं, हे उमाला पाठ होतं. वार्षिक परीक्षेत तिनं ते समीकरण दोन्ही बाजू जुळवून, वायूला वर बाण दाखवून लिहिलं होतं आणि पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. पण समीकरणात रांजण नव्हता. त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुडीचा कागद ओल धरून फाटला आणि घरभर तो वायू, म्हणजे अमोनिया, सुटला, तेव्हा नाक मुरडून सगळ्यात आधी "कुणाच्या लेकराचं अंथरूण वाळत घातलंय?" असं विचारणारी बाई उमाच होती.

सासूबाईंनी मोरी धुतली. मग शेजारच्या कौशल्याबाईंच्या म्हशीवर संशय घेतला. कौशल्याबाई म्हशीच्या बाजूनं तावातावानं आल्या, घरात दोन पावलं टाकली आणि डोळ्यांना पदर लावला. "अगं माय, हे म्हशीचं न्हाई. म्हस असं करत न्हाई. माझं ऐका, घरात कायतरी मेलंय. फरशी उकरा." बसवेश्वरनं खरोखर पहार आणली. एक फरशी निघाल्यावर मात्र उमाच्या डोक्यात ते समीकरण, बाणासकट, लख्ख उमटलं. ती रांजणाकडे धावली. पुडीतला नवसागर अर्ध्यावर आला होता. लेकीला तिनं डोळे पुसत सांगितलं, "हे बघ, मीठ नवसागरात मिसळलं तर मिश्रण होतं, परत निवडता येतं. चुना मिसळला की दोघांचं तिसरंच काही होतं. ते परत निवडता येत नाही." शिवकन्येनं विचारलं, "म्हणून फरशी काढली का?"

कौशल्याबाईंनी पुडी पाहिली होती. पुडी पाहिली नसती तरी भागलं असतं, कारण उमानं त्याच दुपारी रंगीत तालीम घेतली. काचेचं नरसाळं मिळेना म्हणून तिनं कंदिलाची काच घेतली, वरच्या तोंडात कापूस कोंबला आणि खालून धूर निसटू नये म्हणून बशीला कणकेनं लिंपली. खाली वातीचा स्टो. परसात पांढरा धूर, कणकेनं लिंपलेलं भांडं आणि नवसागर. एवढं पाहून गावात कुणाला विज्ञान आठवेल?

संध्याकाळपर्यंत पेठेत बातमी झाली की मन्मथप्पांनी पाटी उगाच लावली नव्हती, बाहेरच्यांना मिळू नये म्हणून लावली होती.

दुसऱ्या सकाळी आश्रुबा आला. ओढ्याकाठच्या धंद्यातलं गावचं जुनं नाव. इतकी वर्षं तो दुकानासमोरून मान खाली घालून जायचा. आज पायरीवर निवांत बसला.

"शरणार्थ, मन्मथप्पा."

"काय पायजे?"

"काय न्हाई. म्हणलं भेटून यावं. तुमी उतरलात म्हणं धंद्यात."

"कोणच्या धंद्यात बे?"

"आता आपल्यात काय लपवायचं? खुलं धोरण हाय म्हणत्यात, कुणीबी काईबी काढावं. आमचं म्हणणं इतकंच हाय, तुमच्यासारकी मोठी घरं ह्यात पडल्यावर आमी गरिबानं जावं कुटं?" आश्रुबानं धोतराच्या सोग्यानं खरोखर डोळे पुसले. "तुमाला दुकान हाय, गिऱ्हाईक हाय, आता फ्रीज बी घेताव म्हणं. गारच विकसाल."

मन्मथप्पांच्या हातातलं माप खाली पडलं आणि शेंगदाणे पायरीवरून थेट रस्त्यापर्यंत गेले. ते दुकान उघडं टाकून घरी आले. "सूनबाई," ते म्हणाले. उमा खाली मान घालून उभी होती. रागावले असते तर तिला सोसलं असतं. पण म्हातारा नुसताच पायातली चप्पल काढायची विसरून देवघरासमोर उभा राहिला, ते तिला सोसेना.

त्याच वेळी दारात आप्पाराव जमादार उभे राहिले. चौकीचे प्रमुख. पोट बेताचं आणि मिशी बेताबाहेरची. मिशीला दर आठवड्याला कलप लागायचा, त्यामुळे ती त्यांच्या चेहऱ्यापेक्षा बरीच तरुण दिसायची.

"मन्मथप्पा, तुमच्याबद्दल आमाला लई आदर हाय," ते म्हणाले. "म्हणून दिवसाउजेडी आलो."

त्यांनी कंदिलाची काच पाहिली, कणीक चाखून पाहिली आणि नवसागर जप्त केला. उमानं पुस्तक आणून आकृती दाखवली. जमादारांनी ती बारकाईनं न्याहाळली. "छापायला बी लागले," ते म्हणाले. मग नवसागर आप्पांच्याच दुकानातल्या मसाल्याच्या छोट्या तराजूत जोखला. बरोबर शंभर ग्रॅम भरला, काटा सरळ. तसं पंचनाम्यात घातलं. कायद्यात हे बसतं का, असं बसवेश्वरनं दबकत विचारलं. "कायद्यात बसतं का ते सायेब बगतील," जमादार म्हणाले. "मी नजरंत बसतं का ते बगतो."

प्रदर्शन तोंडावर आलेलं. उमानं मुख्याध्यापकांकडे दाखला मागितला की हा नवसागर शाळेच्या प्रयोगाचा आहे. मुख्याध्यापक म्हणाले, नवसागर शाळेनं दिलेला नाही, मग शाळेचा कसा? शाळेनं आधी मागणी करावी, ती मंजूर व्हावी, मग खरेदी व्हावी, म्हणजे तो शाळेचा होईल. तोवर ही पोरगी दहावीला जाईल, हे त्यांनीच मोकळेपणानं सांगितलं. जीवन सरांनी सुचवलं की नवसागराऐवजी आपण नवसागराचं मोठं चित्र काढू. रंग त्यांच्याकडे होते.

शेवटी उमा स्वतः चौकीवर गेली. त्या घरची सून चौकीची पायरी चढते म्हटल्यावर आप्पा मागोमाग आले, पण आत न येता दाराशी थांबले.

"जमादार साहेब," उमा म्हणाली, "नवसागर तुमच्या हातातच राहू द्या. तुम्ही घेऊन या. प्रयोग झाला की घेऊन जा. तो जळत नाही, संपत नाही. उडतो आणि परत बसतो. जेवढा आणाल तेवढा परत."

"जेवढा तेवढा?"

"जेवढा तेवढा. पदार्थ नाहीसा होत नाही."

जमादार विचारात पडले. "आमच्या चौकीत होतो, बाई," ते म्हणाले. "बरं. मुद्देमाल चौकीबाहेर जाईल, पर माज्या नजरंबाहेर जाणार न्हाई. आन् परत जोखणार. त्याच तराजूत. कमी भरला, तर मालाची विल्हेवाट लावली म्हणून केस होईल. घर मन्मथप्पांच्या नावावर हाय, केस बी त्यांच्याच नावावर."

उमानं दाराकडे पाहिलं. आप्पा वर कौलांकडे बघत होते. "करा," ते बाहेरूनच म्हणाले. "ती म्हणती जेवढा तेवढा, तर जेवढा तेवढा."

उमाला घरी येताना वाटेत कंदिलाच्या काचेतली, कणकेतली एकेक फट आठवत होती.

प्रदर्शनाला मांडव घातला होता. पहिल्याच टेबलावर सरपंचाचा पुतण्या पाण्याच्या तीन अवस्था घेऊन उभा होता. परीक्षक म्हणून शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी दुपारी येणार होते, ते उन्हं कलल्यावर आले. तोवर बर्फ वितळून तीनपैकी दोनच अवस्था उरल्या होत्या, आणि त्यातली एक गार झाली होती. शिवकन्येच्या टेबलामागे आप्पाराव जमादार कडक इस्त्रीत, मुद्देमाल छातीशी धरून. हा काय प्रयोग आहे ते कुणाला कळो न कळो, पोलीस बंदोबस्तात आहे म्हणजे महत्त्वाचा असणार, म्हणून अख्खं गाव तिथेच लोटलं. आश्रुबासुद्धा स्वच्छ धोतर नेसून आला होता.

शिवकन्येनं मीठ आणि नवसागर मिसळले, कंदिलाची काच ठेवली, कणीक लावली, स्टो पेटवला. धूर उठला आणि काचेच्या आतून पांढरी साय धरू लागली. ती घडाघडा बोलली. बायकांच्या बाजूला उमाचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. जमादार नजर न हटवता काचेवर ओणवे झाले होते, इतके की त्यांच्या श्वासानं कापूस हलत होता.

"वा," विस्तार अधिकारी म्हणाले. प्रयोग इथे संपायला हवा होता. पण सरपंच तेव्हा पोचले. मग वेगळं केलेलं पुन्हा मिसळून त्यांच्यासाठी पुन्हा वेगळं केलं. मग फोटोग्राफरच्या लक्षात आलं की रोल घातलेलाच नाही. पुन्हा मिसळलं, पुन्हा वेगळं केलं. फोटोत धूर नीट यावा म्हणून जीवन सर दर वेळी काच गार व्हायच्या आत उचलून धरायचे. चित्रकार माणूस, त्यांना धुराची रेघ आवडली होती. भसकन एक पांढरा लोट उठायचा, मांडवात पसरायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे.

मग जमादार म्हणाले, "जोखा."

आप्पांनी तराजू काढला. काचेतून खरवडलेला नवसागर एका पारड्यात, शंभर ग्रॅमचं माप दुसऱ्यात. मापाचं पारडं खाली गेलं आणि खालीच राहिलं. आप्पांनी जमादारांकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं, आणि त्यांच्या हाताच्या करंगळीनं, जणू माशी बसावी इतक्या हलकेच, नवसागराच्या पारड्याची कड दाबली. काटा सरळ झाला.

"आप्पा," शिवकन्या म्हणाली, "बोट."

आप्पांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. नवसागराचं पारडं पुन्हा वर गेलं. त्यांच्या उभ्या हयातीत त्यांच्या तराजूला कुणी बोट दाखवलं नव्हतं, आणि दाखवणारी निघाली ती घरचीच.

"कमी हाय," जमादार म्हणाले. त्यांनी खिशातून पेन काढलं.

शिवकन्येनं आईकडे पाहिलं. भर मांडवात, सासऱ्यांसमोर, उमानं कधी तोंड उघडलं नव्हतं. तिनं पदर सावरला. "सांग," ती म्हणाली. "कुठं गेला ते सांग."

"कमी न्हाई झाला," शिवकन्या म्हणाली. आवाज आधी बारीक निघाला, मग स्थिरावला. "नवसागर तेवढाच हाय. समदा हितंच हाय. थोडा काचंला चिकटलाय, थोडा कापसात हाय." ती थांबली आणि जमादारांकडे बघून खाली मान घालून म्हणाली, "आन् थोडा तुमच्या मिशीत हाय."

सगळा मांडव मिशीकडे वळला. कलप लावलेली, काळीभोर, बेताबाहेरची मिशी पीठ चाळल्यासारखी पांढरी झाली होती.

विस्तार अधिकारी पुढे वाकले. "जमादार," ते म्हणाले, "मुद्देमाल अंगावर बाळगताय का तुम्ही?"

आधी आश्रुबा हसला. मग कुणालाच आवरेना. आप्पाराव जमादारांचा चेहरा संप्लवनाचा नियम मोडून गेला, म्हणजे आधी घट्ट झाला आणि मग हळूहळू पातळ. त्यांनी रुमाल काढला, मिशी पुसली आणि सगळ्यांच्या देखत रुमाल पारड्यात झटकला. काच खरवडली, कापूस झाडला. पारडं जरा उतरलं, पण पुरतं नाही.

"भरला," जमादार म्हणाले आणि पेन खिशात घातलं.

"न्हाई," मन्मथप्पा म्हणाले. "केसभर वर हाय अजून."

"मन्मथप्पा, मी भरला म्हणतो."

"तुमी म्हणाल हो. काटा म्हणत न्हाई."

"ऱ्हायलेला केसभर मिशीत मुरलाय असं लिहा," विस्तार अधिकारी म्हणाले. तसं अर्थात कुणी लिहिलं नाही. मुद्देमाल चौकीवर गेला आणि पुढे तिथे त्याचं काय झालं, हे विज्ञानात बसत नाही.

पहिलं बक्षीस पाण्याच्या तीन अवस्थांना मिळालं. शिवकन्येला उत्तेजनार्थ म्हणून प्लास्टिकचा डबा. आता हे नाक राखणं झालं की नाही, याचा निकाल रुक्मिणीबाईंनी दिला नाही. दुसऱ्या दिवशी जेवणं आवरली तेव्हा चटई घालावी की नाही हे उमाला कळेना. तिनं आपणहून पापडाच्या पिठाचा डबा खाली काढला, पीठ भिजवलं, मुसळ धुतलं. शिवकन्या फणी हातात धरून कोपऱ्यात उभी होती.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. दुपारी कधीच घरी न येणारे आप्पा मधल्या खोलीत आले आणि भिंतीला टेकून खाली बसले.

"सूनबाई, एक इच्यारायचंय," ते म्हणाले. "तुरीच्या पोत्यात दरसाल तूट येती. आमचे वडील म्हणायचे, तूट म्हंजी तूट, धरून चालायची. उंदीर न्हाई, चोर न्हाई, पोतं फाटल्यालं न्हाई. मंग जाती कुटं?"

उमानं हातातलं मुसळ भिंतीला लावलं. "तुरीत पाणी असतं, मामंजी. उन्हाळ्यात उडतं."

"कुटं?"

"हवेत."

आप्पांनी खोलीतल्या हवेकडे, जणू कुणी जुनं गिऱ्हाईक तिथे उभं आहे असं पाहिलं. "आन् गुळाचं पावसाळ्यात वजन वाढतंय ते?"

"ते पण पाणीच. गूळ हवेतलं ओढून घेतो."

मग शिवकन्येनं चटई आणून त्यांच्यासमोर घातली. "बसा इकडं, आप्पा. फरशी गार हाय," ती म्हणाली, आणि आईकडे पाठ करून वेणीसाठी बसली.

"उमे," आतून रुक्मिणीबाईंची हाक आली, "पापडाचं पीठ वाळायलंय गं."

आप्पा चटईवर सरकले. "वाळू द्या," ते म्हणाले. "तास चालू हाय."